रव्याचा बार

जेद्द्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की गाड्या डोंगराकडे तोंड करतात. अझीझियात माझ्या लेकीच्या, रुबिनाच्या, घराच्या खिडकीतून मला सगळं दिसतं. टपावर गाद्या बांधलेल्या, मागच्या काचेला पोरांची नाकं चिकटलेली, पुढे बसलेला बाप आत्ताच वैतागलेला. सगळे ताइफला चालले. इथे खाली समुद्राची चिकट गरमी, तिथे वर गार वारा, द्राक्षं, डाळिंबं आणि लग्नं. ताइफचा लग्नांचा मोसम. यंदाही आला. त्याला यायला काय, त्याचं कोण मेलंय.

मी युसूफ. रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. चौथीपर्यंत शिकलो, ते पण मास्तर शेजारी राहायचे म्हणून. लिहिण्याची मला सवय नाही. पण यंदा मोसमाबरोबर एक निरोपही आलाय आणि तो पोटात धरून बसवत नाही. निरोप ताइफच्या तलालचा आहे. तो यंदा हजला चाललाय. हजला निघायच्या आधी माणूस ज्याचं ज्याचं वाईट केलं असेल त्याच्याकडे माफी मागतो. तशी त्याला माझ्याकडून पाहिजे. शुक्रवारी नमाज झाल्यावर फोन करीन म्हणाला. माझी बायको अमिना त्याच्यामुळे मेली. आता तो मागणार, आणि मी द्यायची का नाही, एवढीच गोष्ट आहे. बाकी जे लिहितो ते आठवतं म्हणून.

ताइफच्या जुन्या बाजारात तलालच्या बापाचं दुकान होतं, मी तिथे कामाला. जंबिये, म्हणजे कमरेचे वाकडे खंजीर, त्यांची म्यानं, चांदीचे पट्टे आणि जुन्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त व्हायच्या. त्या डोंगरातल्या लोकांची रीत अशी की लग्नात पुरुष माणसं लांब नळीच्या बंदुका घेऊन नाचतात. उडी मारायची आणि अंग हवेत असतानाच पायांखाली बार काढायचा. खाली जाळ, वर माणूस, चहूकडे धूर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या वाडीतले माकडं हाकणारे म्हातारे आठवले. माझ्या बापाकडे ठासणीची होती. बागेत माकडं शिरली की तो पण असाच उडायचा, फक्त त्याला कोणी नाच म्हणत नव्हतं.

बंदुकीची दारू मापून भरावी लागते. ते लोक तळहातावर ओतायचे, अंदाजाने. त्यामुळे निम्म्या म्हाताऱ्यांची बोटं अपुरी. तलालचा बाप, अबू तलाल, मला एकदा म्हणाला (अरबीत हाक मारताना आधी 'या' लावतात), "या युसूफ, तुझे हात शांत आहेत. मला मापं करून दे." तिथून माझी मापटी सुरू झाली. जुन्या स्टोव्हची पितळी नळी कापायची, एका तोंडाला पत्र्याची चकती डाख लावून बसवायची, तारेचा दांडा. वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मिळायच्या, त्यांची लहान मापं. बकऱ्याच्या शिंगाचं टोक कोरून केलेलं माप म्हाताऱ्यांना आवडायचं, खिशात टोचत नाही म्हणून. प्रत्येक बंदुकीचं माप वेगळं. नळी जुनी, पातळ, चिरलेली, तसं माप कमी. बंदूक बघायची, नळीला नख मारून आवाज ऐकायचा आणि ठरवायचं.

मापं तपासायची अमिना. दारूने नाही, नाचणीने. घरात चूल आहे, दारू आणायची नाही, असा तिचा हुकूम. नाचणीचा दाणा जाड दारूच्या दाण्याएवढाच, रंगही तसाच काळपट. गावाहून कोणी आलं की ती पापड नको, लोणचं नको, नाचणी आणा म्हणायची. लोकांना वाटायचं, बिचारीला भाकरीची आठवण येते. ती दुकानामागच्या आमच्या खोलीत जमिनीवर बसायची, माप नाचणीने काठोकाठ भरायची, सुरीच्या पाठीने वरचे दाणे सपाट काढायची आणि जुन्या मापाशी ताडून बघायची. दाणे जास्त झाले की म्हणायची, "अहो, कोणाचा तरी मुलगा आहे तो. जरा कमी करा."

मी म्हणायचो, "अरब आहे. त्याला आवाज मोठा पाहिजे."

"आवाज मोठा पाहिजे तर तोंडाने ओरडू दे."

एक खास माप होतं ते रिव्हॉल्वरचं. अबू तलालच्या घराण्यात सहा घरांचं एक जुनं टोपीचं रिव्हॉल्वर होतं. तुर्कांच्या वेळचं, असं ते सांगायचे. हल्लीसारखं काडतूस त्यात जात नाही. प्रत्येक घरात पुढून दारू ओतायची, तिच्यावर जागा भरायला रवा, वर मेणात भिजवलेली लोकरीची चकती दाबायची आणि मागून तांब्याच्या टोप्या बसवायच्या. लग्नात गोळी घालत नाहीत. नुसता आवाज पाहिजे. घरातला कर्ता पुरुष ते हवेत झाडणार आणि मग नाच सुरू होणार. त्या रिव्हॉल्वरचं लोखंड थकलेलं. म्हणून दारू थोडी आणि रवा जास्त, हे अमिनाचंच डोकं. तिच्या डब्यातला बारीक रवा. मी तिला म्हणायचो, "तुझा शिरा आभाळात उडतो." ती म्हणायची, "साखर घालू का?"

तलाल तेव्हा शेंबडा. आई लवकर गेलेली. सकाळपासून आमच्याच खोलीत. अमिनाला तो खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा आणि मला अम्मी. अरबीत काकाला अम्मी म्हणतात. रुबिना लहान होती, ती हसून लोळायची. "आब्बाला अम्मी म्हणतो, अम्मीला खाला म्हणतो, याच्या घरात सगळंच उलटं!" अमिना त्याला घावन करून द्यायची, नारळाच्या दुधात बुडवून. तो बोटं चाटायचा. बोटं चाटणारं पोर पुढे काय करील, ते कोण ओळखणार.

रुबिना लग्न होऊन मुंबईला सासरी गेली. पुढे अबू तलाल गेला. दुकान तलालकडे आलं, आमचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, त्याच्या नावावर गेले आणि आमचे पासपोर्ट त्याच्या लोखंडी पेटीत. त्याच सुमारास सौदीकरण जोरात आलं. दुकानात पुढे उभा राहणारा माणूस सौदी पाहिजे. माझ्या इकाम्यावर लिहिलेलं मजूर. तर मी मागे आणि तलाल पुढे. तपासणीवाले बाजारात शिरले की शेजारचा येमेनी अत्तरवाला खोकायचा. खोकला ऐकू आला की मी हातातलं टाकून मागच्या खोलीत. अमिना दिवा बंद करायची. अंधारात आम्ही दोघं म्हातारी चोरांसारखी बसायचो. तिला हसू यायचं. "लग्नाआधी कधी असं लपलो नाही, आता लपतोय," म्हणायची. मी तिच्या तोंडावर हात ठेवायचो.

तलालला यातलं काही काम येत नव्हतं. त्याचा मला राग नव्हता. देश त्याचा, दुकान त्याचं, त्यानेच पुढे उभं राहावं. शिकवायला मी तयार होतो. पण बापाच्या खुर्चीवर बसला आणि त्याची जीभ बदलली. मी अम्मी होतो तो एका हिवाळ्यात "या हिंदी", म्हणजे ए हिंदुस्थानी, झालो. गिऱ्हाइकासमोर चिमटा आपटून म्हणायचा, "यल्ला, हिंदी, आत." मी आत जायचो. खालाला मात्र खालाच म्हणायचा, जेवायला तिच्याच हातचं लागायचं ना.

मग तो मोसम आला. तोच, ज्याच्यासाठी लिहायला बसलोय.

ताइफचा उन्हाळा मला नाकाने आठवतो. गाढवाच्या गाड्यांची जागा पिकअपनी घेतली, पण त्यांच्यावर माल तोच, बरशूमी. आपल्याकडे फड्या निवडुंगाला लाल बोंडं लागतात, तीच. इथे हातमोजे घालून सोलून, बर्फावर ठेवून विकतात. संध्याकाळी वाऱ्यावर जळक्या गंधकाचा वास यायचा, म्हणजे कुठेतरी वरात निघाली. अमिनाला तो वास आवडायचा. त्या वर्षी तिला तो सोसेना. वासाने उलट्या व्हायच्या. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करायला पाहिजे, लवकर. आमचे इकामे तलालने वेळेवर नवे केले नव्हते, म्हणून इथल्या इस्पितळात घेत नव्हते. म्हटलं, मुंबईला नेतो. रुबिनाने तिकडे सगळी सोय केली. फक्त पासपोर्ट आणि तलालचा शिक्का पाहिजे होता. कफीलाने, म्हणजे ज्याच्या नावावर इकामा त्या मालकाने, शिक्का दिल्याशिवाय माणूस या मुलखाच्या बाहेर पडू शकत नाही.

मी त्याच्यापुढे उभा राहिलो. तो फोनवर कोणाशी तरी हसत होता. हसून झाल्यावर म्हणाला, "बोल."

"खाला आजारी आहे. मुंबईला न्यायची आहे."

"मोसम संपू दे."

"डॉक्टर थांबू नका म्हणतो."

"या हिंदी, बाजारातल्या सगळ्या बंदुका आपल्याकडे पडल्यात. तू गेलास तर मापं कोण भरणार? मोसम संपला की मी स्वतः विमानतळावर सोडीन. इन शा अल्ला."

मी म्हटलं, "मी नाही जात. तिला एकटीला पाठव."

"दोघांचे कागद एकत्र आहेत. नंतर बघू. खलास."

खलास. एवढासा शब्द आहे. मी त्याचे पाय धरले नाहीत. धरायला पाहिजे होते का, असा विचार मी करत नाही. पाय धरायला लावणारा माणूस दोषी असतो, न धरणारा नाही. हे मी लोकांना तोंडावर सांगतो. गावाकडचे शहाणे म्हणतात, तुम्ही वकिलातीत जायचं होतं, तुम्ही असं करायचं होतं. तुमचा पासपोर्ट दुसऱ्याच्या पेटीत ठेवा आणि मग या शिकवायला.

अमिना त्या दिवसांतही बसून राहायची भिंतीला टेकून. मापटी हातात घ्यायची, पण नाचणी ओतताना हात हलायचा, दाणे चटईवर पसरायचे. मी एकेक वेचायचो. बाहेर वराती. ढोल, टाळ्या, धडाम धडाम. प्रत्येक धडामला ती डोळे मिटायची. मी भरून दिलेल्या मापांचे आवाज होते ते. ती गेली तेव्हा दुपारची वेळ होती, असरची बांग व्हायची होती, आणि लांब कुठेतरी एकच बार झाला. अवेळी. पोरं खेळत असतील.

तिला ताइफलाच पुरली. या मुलखात कबरीवर नाव लिहीत नाहीत. मातीचा उंचवटा आणि डोक्याशी एक दगड, सगळे सारखे. तलाल मय्यतीला आला होता. खांदा दिला, माती दिली. माझ्या गळ्यात पडून रडला पण. मी त्याच्या खांद्यावरून त्याच्या मानेकडे बघत होतो. गोरी, जाड मान. बघत राहिलो.

मोसम संपता संपता त्याच्याच भावाचं लग्न होतं. तलाल आता घराचा कर्ता. पहिल्यांदाच बापाचं रिव्हॉल्वर तो झाडणार. आठवडाभर त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. नवा काळा झगा शिवला, सोन्याच्या काठाचा. मला म्हणाला, "बाबांच्या वेळी भरायचास तसं भर. सगळी जमात येणार आहे."

मी दोन मापटी केली.

पहिलं मोठं केलं. किती मोठं, ते लिहीत नाही. नाचणी भरून बघितलं, सुरीने सपाट केलं. ते थकलेलं लोखंड एवढ्याला टिकणार नाही, हे मला डोळे मिटून कळत होतं. ते माप मी हातात धरून बसलो. लोकांना वाटेल पुढे मी अल्लाला भ्यालो, किंवा अमिनाचा आवाज कानात आला. तसलं काही नाही. मी विचार केला, हात उडाला तर लोक त्याची कीव करतील. मेला तर लगेच सुटेल, त्याच्यासाठी दुआ मागतील. मला तो धडधाकट पाहिजे होता. दोन्ही हात, दोन्ही डोळे, दोन्ही कान शाबूत. त्याने ऐकायला पाहिजे होतं.

म्हणून दुसरं. बाहेरून हुबेहूब जुन्या मापासारखं. आत मेण ओतून तळ इतका वर आणला की चिमूटभर दारू मावावी. बाकी सगळा रवा. अमिनाच्या डब्यात उरलेला सगळा रवा मी त्या सहा घरांत भरला.

मैदानात गालिचे, दिवे, उदाचा धूर. जमातीचे म्हातारे रांगेने बसलेले. तलाल मधे आला, हात वर केला. सगळं गप्प. त्याने घोडा दाबला.

फुस्स.

थोडा रवा उडाला आणि त्याच्या काळ्या झग्यावर पडला. त्याने पुन्हा दाबला. फुस्स. आता हसू नये म्हणून लोक दाढ्या धरून बसले. त्याने थांबायला पाहिजे होतं, पण तसं थांबता येत नाही, सहाच्या सहा झाडायचे असतात, नाहीतर अपशकुन. सहा वेळा फुस्स. शेवटी पुढच्या रांगेतला एक बोळका म्हातारा ओरडला, "अरे, कोणीतरी याच्या पिस्तुलाला आल्याचा चहा द्या! सर्दी झालीय त्याला!"

मग जे हसू फुटलं ते मी या कानांनी ऐकलं. बंदुकीचा कुठलाही बार मला तेवढा गोड लागला नाही. तलाल रवा झटकत होता. रवा झगा सोडत नव्हता. त्याने गर्दीतून मला शोधलं. मी तोंड चुकवलं नाही. त्याला कळलं आणि मला कळलं की त्याला कळलं.

दुसऱ्याच दिवशी माझा पासपोर्ट पेटीतून बाहेर आला. कायमचं जाण्याचा शिक्का मारून माझ्या अंगावर फेकला. बघा, शिक्का असा मारता येतो. एका दिवसात. पेटीला किल्ली होती, शिक्क्याला शाई होती, तलालला हात होता. सगळं होतं. अमिनासाठी नव्हतं. त्याची फजिती करून माझं जे समाधान झालं होतं ते त्या एका शिक्क्याने खाऊन टाकलं. विमानात मला एवढंच वाटत होतं की मी फार कमी केलं.

ताइफला त्याला पुढे कित्येक वर्षं रवावाला म्हणायचे, असं त्या येमेन्याने कळवलं होतं. चांगलं झालं. कमी झालं.

आता जावई इथे जेद्द्यात नोकरीला आहे, त्याने भेटीच्या व्हिसावर बोलावलं म्हणून मी आलोय. रुबिना मला ताइफला नेणार होती. मी म्हटलं, कशाला, सगळे दगड सारखे. नातवंडं विचारतात, "नाना, वॉट हॅपन्ड इन ताइफ?" मी म्हणतो, तिथे माकडं आहेत. ती खूश होतात. माकडं खरंच आहेत, घाटात, रस्त्याच्या कठड्यावर बसून केळी मागतात.

शुक्रवार आला. नमाज झाली. रुबिनाने फोन माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "आब्बा, देऊन टाका. अम्मीने दिली असती."

तलालचा आवाज जाड झालाय. सलाम, तब्येत, मुलंबाळं, सगळं विचारून झालं. मग म्हणाला, "अम्मी युसूफ." पुष्कळ वर्षांनी म्हणाला. "मी तुला त्या लग्नाचं तेव्हाच माफ केलं. तू पण मला माफ कर. मी अल्लाच्या घरी चाललोय."

म्हणजे बघा. त्याच्या झग्यावरचा रवा एका पारड्यात आणि दुसऱ्या पारड्यात माझी अमिना, आणि याचं म्हणणं पारडं सरळ झालं. माझ्या डोक्यात रक्त चढलं. पण मी ओरडलो नाही. बऱ्याच दिवसांपासून जुळवत होतो ती अरबी वाक्यं सावकाश म्हटली. "तलाल, मला हिंदी म्हणालास, माफ. अंधारात लपवलंस, माफ. पासपोर्ट फेकलास, ते पण माफ. माझा जो हिस्सा होता तो सगळा माफ. खालाचा हिस्सा माझा नाही. तो मी कसा देऊ? तो तिच्याकडे माग."

मग तिकडून श्वास ऐकू आला, रडायच्या आधी घेतात तसा. म्हणाला, "शेवटी ती माझ्याबद्दल काही बोलली होती का?"

बोलली होती. त्या दुपारी, बांगेच्या आधी. माझं मनगट धरलं होतं आणि आवाज इतका बारीक की मला कान तोंडाला लावावा लागला. म्हणाली, "तलालशी भांडू नका. त्याला समज नाही. मी त्याला माफ केलं, तुम्ही त्याला सांगा." हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. रुबिनाला पण नाही.

"अम्मी युसूफ? काही बोलली होती का?"

मी म्हटलं, "तू विचार तिला. भेट होईल तेव्हा."

फोन ठेवला. रुबिना उठून आत गेली. थोड्या वेळाने ताट घेऊन आली. सुरमईचं कालवण होतं, भात होता. मी पोटभर जेवलो.